सातेरीला विचारलेले शब्द

आमच्या गावातली माणसं सातेरीला कौल लावतात तो म्हैस हरवली म्हणून, पोरीचं लग्न जमेना म्हणून, नाहीतर विहीर कुठं खणावी ते कळेना म्हणून. 'नाक' या शब्दाचं मूळ काय, असं देवीला विचारणारा माणूस साऱ्या मालवण तालुक्यात एकच होता, आणि तो नेमका माझ्या शेजारी राहत होता.

ज्यांनी कौल पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. मूर्तीच्या उजव्या आणि डाव्या अंगाला फुलांच्या ओल्या कळ्या चिकटवायच्या, देवीला गाऱ्हाणं घालायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. उजवी कळी आधी पडली तर देवी हो म्हणाली, डावी पडली तर नाही. मी शाळेत गणित शिकवणारा माणूस. ओली कळी वाळली की कुठल्या तरी बाजूनं पडणारच. त्यात देवीचा वाटा किती आणि वाऱ्याचा किती, या हिशेबात मी कधी शिरलो नाही. देवळात जायचो तो प्रसादाच्या शिऱ्यासाठी. 'व्हय म्हाराजा' म्हणायला मात्र मी कधी तोंड उघडलं नाही. म्हणजे एका दिवसापर्यंत नाही, आणि त्या दिवसाचंच सांगायला बसलोय.

बाबल मास्तर आमच्याच शाळेत संस्कृत आणि इंग्रजी शिकवत. किडकिडीत अंग, डोक्यावर काळी टोपी, बारा महिने काखेत छत्री, आणि तोंडात एकच वाक्य : "एका गोत्राचे रे ते." हे ते माणसांविषयी कधीच म्हणत नसत. शब्दांविषयी म्हणत. आपलं नाक, इंग्रजांचं नोज, जर्मनांचं नाझे, रशियनांचं नोस, हे सगळे एका गोत्राचे. दार आणि डोअर एका गोत्राचे. त्रि आणि थ्री एका गोत्राचे. हजारो वर्षांपूर्वी कुठल्या तरी मुलखात कुणी माणसं राहत होती, ती एकच भाषा बोलत, मग त्यांची पांगापांग झाली. काही आपल्याकडं आली, काही विलायतेला गेली, आणि जाताना प्रत्येकानं घरातली भांडी न्यावीत तसे शब्द बांधून नेले. हा त्यांचा सिद्धान्त. त्यांचा एकट्याचा नव्हे, जर्मनीतल्या मोठ्या पंडितांचाही तोच होता, पण आमच्या गावात त्या पंडितांना कोणी ओळखत नसल्यामुळं सगळा दोष बाबल मास्तरांच्या माथी आला.

त्या मूळ भाषेचा एकही शब्द कुणी लिहून ठेवलेला नाही. पंडित लोक तो नातवंडांवरून ताडतात, आणि असा ताडलेला शब्द छापताना त्याच्या आधी एक चांदणी काढतात. चांदणी म्हणजे, हा कुणी पाहिलेला नाही, कुणी ऐकलेला नाही, पण होता. मला हे पटत नव्हतं. जे पाहिलं नाही ते होतं असं म्हणायला गणितात सिद्धता लागते. तेव्हा मास्तरांनी माझ्या तोंडासमोर बोट नाचवून मला समजावलं.

"गणित्या, तुझ्या आज्याक मी बघूक नाय. पण तुझा नाक बघितलंय, तुझ्या काकाचा बघितलंय, आणि तुझ्या आत्येचा बघितलंय. मगे आज्याचा नाक कसा होता, ता माका सांगूक येता की नाय?"

आमच्या आत्याच्या नाकाचा विषय घरात कोणी काढत नसे. मास्तरांनी तो भर रस्त्यात काढला आणि वर त्यातून एक भाषाशास्त्र उभं केलं. मी सिद्धता मान्य केली आणि घरी आलो.

मासळीबाजारात त्यांचं फार वाईट होई. एकदा बांगड्यांचा भाव करता करता त्यांनी मासेवालीला सांगितलं की तुझ्या घोवाची ती नाव आणि साहेबाची नेव्ही, दोन्ही एका गोत्राची आहेत. ती बाई कोयता खाली न ठेवता म्हणाली, "मगे मास्तरांनू, बांगडे त्या नेव्हीवाल्यांकडेच मागा." मास्तर रिकाम्या हातानं परत आले, पण चेहरा असा की जणू बाईंनी सिद्धान्ताला दुजोराच दिला होता.

शाळेत तर त्यांनी एक पिढी वाया घालवली, असं हेडमास्तर म्हणत. तपासणीला आलेल्या साहेबांनी एका वर्गाला विचारलं, इंग्रज लोक आपले कोण? साहेबांना 'परकीय राज्यकर्ते' असं काहीतरी हवं होतं. मुलांनी एका सुरात सांगितलं, "चुलत भाऊ." साहेब चकित झाले. मग ते आपल्याशी इतकी वर्षं असे का वागले, असं त्यांनी विचारलं. मागच्या बाकावरून उत्तर आलं, "भावकी म्हणान." साहेब स्वतः वेंगुर्ल्याकडचे होते आणि त्यांचाही घरच्या वाटणीचा दावा कोर्टात पडून होता. त्यांनी वर्गाला चांगला शेरा दिला.

लॅटिनसाठी मास्तर चर्चमधल्या पाद्रीबाबांकडं जात. पाद्रीबाबा मूळचे गोव्याचे. दोघे व्हरांड्यात बसून एकमेकांचे शब्द तपासत, पारखत, कधी कधी हमरीतुमरीवर येत. मीही पुष्कळदा सोबत जाई. मला लॅटिनची गोडी नव्हती. दारूबंदीचे दिवस होते, तेव्हा पाद्रीबाबांकडं कशाची गोडी होती ते मी सांगत नाही.

आता देवीचा यात संबंध काय, हे तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. मास्तरांचं उत्तर सरळ होतं. जर्मनीतले पंडित त्या चांदणीवाल्या शब्दावरून आपसांत भांडतात, एक म्हणतो असा होता, दुसरा म्हणतो तसा होता. ऐकणारा माणूस आज कोणी उरलेला नाही. मग विचारायचं कोणाला? "सातेरी तेव्हाय होती," मास्तर म्हणाले. "तिना तो बोल ऐकलेलो आसा." मी मान डोलावली.

रामा गुरव मात्र बोलायचा. त्या बिचाऱ्याला दर मंगळवारी मास्तरांसाठी कळ्या चिकटवाव्या लागत. एक शब्द झाला की दुसरा, दुसरा झाला की तिसरा. एकदा त्यानं कंटाळून विचारलं, "मास्तरांनू, देवीक इंग्रजी येता?" मास्तर म्हणाले की तिला इंग्रजी यायची गरजच नाही, तिला त्याच्या आधीची येते. घोड्याच्या शब्दाला एकदा डावा कौल पडला. त्या दिवशी मास्तरांनी घरी येऊन एका जगप्रसिद्ध जर्मन पंडिताचं मत खोडून टाकलं.

हे प्रकरण वाढलं तातूमुळं. तातू म्हणजे मास्तरांचा चुलत भाऊ, भावकीतला सगळ्यात वडील आणि सगळ्यात कर्कश. त्याचा बैल आजारी पडला म्हणून तो सकाळी कौल घ्यायला आला, तर देवीच्या अंगावर मास्तरांच्या कळ्या. 'उदक' आणि 'वॉटर' यांचा निकाल लागायचा होता. कळी काही केल्या पडेना. उन्हं कलली तेव्हा कुठं ती पडली, आणि तोवर तातूच्या बैलानं वाट पाहणं सोडून दिलं होतं. तातूनं देवळात सभा भरवली. भावकी जमली, गुरव जमला, गावचे मानकरी जमले, आणि तातूनं नियम मांडला : एका दिवसाला, एका घराला, एकच कौल. उजवा पडो, डावा पडो, त्या घरानं त्या दिवशी पुन्हा विचारायचं नाही. सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' केलं. सर्वांत मोठ्यानं रामा गुरवानं केलं.

मास्तरांना एवढं वेड कुठून लागलं, हे मला बरेच दिवस ठाऊक नव्हतं. ते सांगितलं वहिनींनी. वहिनी म्हणजे मास्तरांच्या थोरल्या भावाची बायको. मास्तरांनी लग्न केलं नाही. ते घराच्या एका अंगाला राहत, वहिनी दुसऱ्या अंगाला, आणि चूल एकच. गाव यावर बोललं नाही असं नाही. गावाला काहीतरी बोलायला हवंच असतं. वहिनींची जीभ गावापेक्षा तिखट असल्यामुळं ते बोलणं त्यांच्या खळ्यापर्यंत, म्हणजे अंगणापर्यंत, कधी पोचलं नाही इतकंच. मास्तर शाळेतून आले की त्या विचारत, "आज किती शब्द जेवूक आसत, भावजी?" मास्तर म्हणायचे, दोन आहेत. वहिनी म्हणायच्या, मग भात पुरेल.

थोरला भाऊ दाजी. तो बोटीवर नोकरीला होता. बोटीवरची माणसं रजेवर येताना घड्याळं आणत, दुधाचे डबे आणत, बायकोला अत्तर आणत. दाजी यातलं काही आणत नसे. तो खळ्यावर येऊन बसायचा आणि धाकट्या भावाला म्हणायचा, "हॅम्बुर्गात नाकाक काय म्हणतत, सांग बघू." मास्तर तेव्हा नुकतेच शिकून आलेले, संस्कृतचा ताठा होता. दाजी प्रत्येक बंदरातून दहा-वीस शब्द तोंडी घेऊन यायचा. पाण्याला काय म्हणतात, दाराला काय म्हणतात, तीनला काय म्हणतात. धाकट्यानं त्यातल्या एकेकाला संस्कृतात ओळख दाखवली की थोरला मांडीवर थाप मारून हसायचा. वहिनी सांगायच्या की त्या दोघांना जेवायला उठवता उठवता आमटी दोनदा गरम करावी लागे. हे सांगताना त्या चिडल्यासारखं करत, पण फार वेळ सांगत.

लढाई संपल्यानंतर दाजी मालवणच्या बंदरातून आगबोटीत बसला, मुंबईहून मोठ्या बोटीवर चढला आणि परत आला नाही. बोट बुडाली नाही. तो कुठल्याशा बंदरात उतरला आणि बोट सुटायच्या वेळी हजर नव्हता, एवढंच कळलं. का उतरला, कोणासाठी उतरला, काय झालं, हे कोणाला माहीत नव्हतं. त्यानंतर बोटीवरचा कोणी माणूस गावात रजेवर आला की मास्तर छत्री घेऊन त्याच्याकडं जात आणि शब्द विचारत. लोक हसत. पण आमच्या वाडीतल्या एका खलाशानं मला सांगितलं, "शब्द इचारून झाले की मगे हळूच इचारतत, थंयसर आपलो कोण ऱ्हवलेलो दिसलो काय." हे त्यानं सांगितल्यावर मी मास्तरांच्या शब्दांना पूर्वीसारखं हसेनासा झालो. थोडं हसायचो, पण पूर्वीसारखं नाही.

बारा वर्षं झाली तसा तातू उठला. बारा वर्षं ज्याची काही खबर नाही तो मेला असं धरायचं, दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, दिवस घालायचे आणि बायकोनं कुंकू पुसायचं, अशी आमच्याकडं रीत आहे. तातूला दाजीशी वैर नव्हतं. त्याच्या झिलाचं, म्हणजे मुलाचं, लग्न ठरून मोडलं होतं, त्याची विहीर आटली होती, आणि बैलाचं तर तुम्हाला ठाऊकच आहे. या सगळ्याला त्याला एकच कारण दिसत होतं. खळ्यावर बसून त्यानं ते बोलून दाखवलं.

"दाजीक जेवूक मिळणा नाय. तो भुकेलो फिरता, म्हणान आमचा सगळा अडता. त्येका मोकळो करूक व्हयो."

वहिनी दाराशी उभ्या होत्या. त्या आत गेल्या आणि तातूला चहा आणून दिला. तातूनं एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. चहात साखर नव्हती.

मास्तर म्हणाले, माणूस मेल्याचा पुरावा काय? तातू म्हणाला, जिवंत असल्याचा काय? यावर मास्तरांनी त्याला चांदणी समजावायला सुरुवात केली. न पाहिलेलंही असू शकतं, न ऐकलेलंही असू शकतं, जगातले मोठे पंडित ते मानतात, छापतात. तातूनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग त्यानं जे म्हटलं ते खरोखर बिनतोड होतं. मास्तर एवढ्यातेवढ्यासाठी, नाकातोंडासाठी देवीला विचारतात. मग हे देवीलाच विचारावं. भावकीचे कौल वर्षातून एकदाच, जत्रेच्या दुसऱ्या दिवशी होतात, त्यात घरचा कर्ता म्हणून मास्तरांनी स्वतः विचारायचं : दाजी आहे की नाही. उजवा पडला तर तातू जन्मात तोंड उघडणार नाही. डावा पडला तर दुसऱ्याच दिवशी पुतळा.

दर मंगळवारी देवीला विचारणाऱ्या माणसाला नाही म्हणता येईना. 

जत्रेला काही दिवस होते. मी एकटाच पाद्रीबाबांकडं गेलो, काही इलाज सुचतो का बघायला. इलाज त्यांच्याकडं नव्हता. पण बोलता बोलता ते म्हणाले की बाबल मास्तरांचं एक नवल आहे. या विषयाच्या कुठल्याही पुस्तकात जो शब्द अगदी पहिल्या पानांत सापडतो, ज्याच्याइतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही, तो हा माणूस तोंडातून काढत नाही. आपली विधवा, इंग्रजांची विडो, जर्मनांची विट्वे, रशियनांची व्दोवा, लॅटिनमधली विदुआ. हजारो वर्षं गेली, डोंगर ओलांडले, समुद्र ओलांडले, पण शब्द जवळपास होता तसाच. पाद्रीबाबांनी एकदा मोठ्या हौसेनं हा शब्द काढला, तर मास्तरांनी छत्री उचलली आणि निघून गेले. पुढं महिनाभर आले नाहीत. पाद्रीबाबांना वाटलं, लॅटिन उच्चारात काही चुकलं.

घरी येताना माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जुळत गेली. दर मंगळवारी देवीपुढं नाक झालं, गुडघा झाला, भुवई झाली, अग्नी झाला. पण हा शब्द मास्तरांनी तिला कधी विचारला नव्हता. शाळेतही संस्कृतच्या पुस्तकात तो आला की ते पुढच्या पानावर जात, आणि मुलांना वाटे की आज सुटी लवकर होणार.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी देऊळ भरलं होतं. खांबाशी बायका बसल्या होत्या, त्यांत वहिनी. त्यांनी लग्नातला शालू नेसला होता आणि कपाळावर रोजच्यापेक्षा मोठं कुंकू होतं. तातू गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी मांडी ठोकून बसला. आधी दोन-तीन घरांचे कौल झाले. कोणाची वाट सोडवली, कोणाची सून नांदायला येईल का ते विचारलं. मग रामा गुरवानं मूर्ती पुसली, नव्या कळ्या पाण्यात बुडवल्या आणि उजव्या-डाव्या अंगाला लावल्या. मास्तर पुढं झाले. टोपी नीट केली. हात जोडले. 

"बा सातेरी माये म्हाराजा, बारा-पाचाच्या म्हाराजा, आज ही भावकी तुझ्या पायाकडे जमली आसा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," देऊळ म्हणालं.

"कोणाचा काय चुकला-माकला आसात, ता पदरात घे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

मास्तर थांबले. तातूनं मान पुढं काढली. वहिनी जमिनीकडं बघत होत्या. मास्तरांनी मोठा श्वास घेतला आणि खणखणीत आवाजात, वर्गात डिक्टेशन घालावं तसं, सांगितलं :

"गणपतीचो मूषक आणि विलायतेतलो माउस, ह्ये दोनय एका गोत्राचे आसत काय, ता उजवो देवन सांग म्हाराजा."

 कोणीही 'व्हय म्हाराजा' म्हणालं नाही. म्हणणार कसं? निम्म्यांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. उरलेल्यांना वाटलं, मास्तरांचं डोकं गेलं. तातू उठायला लागला. गाऱ्हाण्याला होकार मिळाला नाही तर ते गाऱ्हाणं नव्हेच, एवढं मलाही ठाऊक होतं. आणखी एक श्वास गेला असता तर तातूनं ते मोडलं असतं.

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो.

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. देवळातल्या सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. पण सवय ही मोठी गोष्ट आहे. एकदा कोणीतरी म्हणालं की बाकीच्यांच्या तोंडातून ते आपोआप निघतं. आधी मागून आलं, मग बायकांतून आलं, मग सगळं देऊळ म्हणालं, "व्हय म्हाराजा." अर्धवट उठलेल्या तातूच्या तोंडूनही ते निघून गेलं, हे मी या डोळ्यांनी पाहिलं.

आणि उजवी कळी पडली. लगेच पडली. वारा होता की नव्हता, मी पाहिलं नाही.

तातूनं मग देऊळ डोक्यावर घेतलं. हा कौल नव्हे, ही चेष्टा आहे, पुन्हा कळ्या लावा. रामा गुरव शांतपणे मूर्ती पुसत होता. इतकी वर्षं मास्तरांच्या शब्दांना कावलेला हा माणूस आता मास्तरांच्या बाजूनं बोलेल असं कोणाला वाटलं नसतं.

"कौल तो कौल," तो म्हणाला. "एका दिवसाक, एका घराक एकच. तातू, तूच सभेत मांडलंस. आता फुडल्या जत्रेक."

मानकऱ्यांनी माना डोलावल्या. नियम नियम होता, आणि सगळ्यांना तो तातूच्याच आवाजात आठवत होता.

परत येताना मी मास्तरांबरोबर चालत होतो. मला राहवलं नाही. मी म्हणालो, मास्तर, तुम्ही देवीला सगळं विचारता, हेच का विचारलं नाही? उजवाही पडला असता. मास्तर छत्रीनं वाटेवरचे खडे बाजूला सारत होते.

"पडलो आसतो," ते म्हणाले. "पण ती खरा सांगता, गणित्या."

मी तो प्रश्न सहज विचारू शकलो असतो, कारण माझ्या लेखी ती कळी होती. मास्तरांना ते शक्य नव्हतं. त्या माणसाचा देवीवर पुरा विश्वास होता, म्हणूनच त्यानं तिला उंदराचं विचारलं. मला त्या दिवशी मास्तरांविषयी फार प्रेम वाटलं, हे लिहून टाकतो. तोंडावर सांगायचं राहून गेलं.

खळ्यावर वहिनी आमच्या आधी पोचल्या होत्या. शालू बदलून झाला होता, चूल पेटली होती, पण कुंकू तेवढंच मोठं होतं. त्यांनी मास्तरांना पाय धुवायला तांब्या दिला. मास्तर पाय धुऊ लागले. थोड्या वेळानं त्या दुसरीकडं बघत म्हणाल्या, "भावजी, शब्द किती उरले तुमचे?"

मास्तरांनी तांब्या खाली ठेवला. "खूप आसत, वयनी. आपल्याक पुरान उरतले."

"मगे चला," वहिनी म्हणाल्या. "बांगडे निवतत."

आणि ते पुरलेच. पुढच्या जत्रेला हंस आणि गूज झाले. त्याच्या पुढच्या जत्रेला गाडीचा आस आणि इंग्रजांचा ॲक्सल. दर वेळी तातू आधी बजावून ठेवी, दर वेळी मास्तर हात जोडून भलतंच विचारत आणि दर वेळी पहिला 'व्हय म्हाराजा' माझा असे. मला प्रसादाचा शिरा दोनदा मिळू लागला. हळूहळू गावालाही त्याची गोडी लागली. दूरदूरच्या वाड्यांतून माणसं येत, यंदा मास्तर काय काढतात ते बघायला. तातूच्या झिलाचं लग्न झालं, विहिरीला पाणी आलं आणि तातूचा जोर ओसरला. शेवटी शेवटी तोच मास्तरांना आधी विचारू लागला, यंदा खंयचो शब्द.

वहिनी गेल्या त्या साठ सालानंतर काही वर्षांनी, चार दिवसांच्या तापानं. अहेव गेल्या. हिरवं लुगडं नेसवलं, हातभर चुडा भरला, मळवट भरला आणि गावातल्या बायकांनी रांग लावून ओटी भरली. हिरवा चुडा तातूनं स्वतः मालवणात जाऊन आणला. मास्तर पडवीच्या खांबाला टेकून उभे होते. ते रडले नाहीत. ओटी भरणाऱ्या बायका त्यांच्यासमोरून एकेक करत आत जात होत्या आणि ते प्रत्येकीला वाट देत होते, एवढंच मला आठवतं.

त्यानंतरच्या जत्रेला रामा गुरवानं कळ्या भिजवून ठेवल्या होत्या. मास्तर आले, हात जोडले आणि मागं येऊन माझ्याशेजारी बसले. गुरवानं विचारलं, आज काय इचारूचा? मास्तर म्हणाले, काही नाही.

शाळेत त्यांच्या आणि माझ्या वर्गामध्ये फळ्यांची आडभिंत होती, पलीकडचं सगळं ऐकू येई. सुट्टीनंतर शाळा उघडली आणि एका सकाळी मी मुलांना अपूर्णांक घालत होतो. पलीकडं संस्कृतचा तास होता. नेहमीच्या त्या पानापाशी आल्यावर मी सवयीनं पान उलटल्याच्या आवाजाची वाट पाहिली. आवाज आला नाही. मास्तर एकेक शब्द सावकाश म्हणू लागले आणि मुलं त्यांच्यामागून म्हणू लागली. विधवा. विडो. विट्वे. व्दोवा. विदुआ. कोणीतरी विचारलं, सर, हे आधी कधी शिकवलं नाही?

"एका गोत्राचे रे ते," मास्तर म्हणाले. "लिहून घ्या. आता हरकत नाही."

मी माझ्या मुलांना गणितं सोडवायला सांगितली आणि खिडकीशी जाऊन उभा राहिलो.